कोड सगळ्यांचा, पण खुर्ची कोणाची? ओपन सोर्स आणि लष्कर यांचं भांडण सोप्या भाषेत

१ जून २०२५ ला युक्रेनने रशियात पार आतपर्यंत ट्रकमधून ड्रोन लपवून नेले आणि तिथल्या हवाई तळांवर उभी असलेली बॉम्बर विमानं पेटवली, व्हिडिओ बहुतेकांनी बघितलेच असतील. त्यामागोमाग जी छोटी बातमी आली ती मात्र बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली, की त्या ड्रोनमध्ये आर्डूपायलट नावाचं सॉफ्टवेअर होतं. आता आर्डूपायलट हा काही कुठल्या शस्त्रकंपनीचा सिक्रेट प्रोग्राम नाही. रिमोटची विमानं उडवायची हौस असलेल्या मंडळींनी साधारण २००७ पासून जमवत आणलेला, जगभरातल्या लोकांनी हौसेने लिहिलेला कोड आहे तो, नकाशे काढायला, पिकांची पाहणी करायला, हरवलेली माणसं शोधायला वापरतात. त्यांच्या डेव्हलपर्सच्या आचारसंहितेत तर स्पष्ट आहे की आम्ही जाणूनबुजून याचं शस्त्र करायला मदत करणार नाही.

तरी व्हायचं ते झालंच.

अशी बातमी आली की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, फुकट वाटलाय ना कोड, मग सैन्याने घेतला तर रडता कशाला. दुसरा म्हणतो, लष्कराचा एक पैसा नको, एक माणूस नको, सावलीसुद्धा नको. आणि बाहेरून बघणाऱ्याला कळतच नाही की हे नेमके भांडतायत कशावर. मला विचाराल तर निम्म्या वेळा हे दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत असतात. वापर ही एक गोष्ट आहे आणि सहभाग ही दुसरी. वापर अडवता येत नाही आणि त्या नादी लागूही नये. सहभागाला नाही म्हणायचा हक्क मात्र तिथे फुकट राबणाऱ्यांना पुरेपूर आहे, आणि या लेखात मी तेच पटवायचा प्रयत्न करणार आहे.

आधी हे राबणारे लोक कोण ते बघू

ओपन सोर्स म्हणजे असं सॉफ्टवेअर ज्याचा कोड उघडा असतो, कोणीही वाचावा, वापरावा, बदलावा, पुढे द्यावा. हा कोड लिहिणारे लोक वेगवेगळ्या देशांत बसलेले, एकमेकांना कधी न भेटलेले असतात. काहींना त्यांची कंपनी या कामाचा पगार देते, पण असंख्य प्रोजेक्ट्स असे आहेत की एक-दोन माणसं नोकरी सांभाळून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ते चालवतात. कोणाचा बदल आत घ्यायचा, कोणाचा परत पाठवायचा हे ठरवणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. हा शब्द पुढे लागेल, लक्षात ठेवा.

आणि हे फक्त सॉफ्टवेअरपुरतं नाही. इंटरनेटचे नियम ठरवणारे गट, मोफत नकाशे बनवणारे, हॅकरस्पेस (म्हणजे हौशी लोकांनी मिळून चालवलेली सामायिक वर्कशॉप्स) चालवणारे, सगळीकडे हाच मामला आहे. कोणी मालक नाही, कोणी साहेब नाही, लोक मनाने येतात आणि मनाने जातात. ही 'मनाने जातात' वाली गोष्ट फार महत्त्वाची आहे, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

लष्करं हा कोड वापरत नाहीत असं कोणी समजत असेल तर तो गैरसमज आधी काढून टाका. २००३ साली मायटर या संस्थेने अमेरिकन संरक्षण खात्यासाठी एक पाहणी केली, त्यात खात्यामध्ये ११५ वेगवेगळी ओपन सोर्स सॉफ्टवेअर्स वापरात सापडली, आणि निष्कर्ष असा होता की ही काढून टाकली तर खात्याच्या सुरक्षेलाच फटका बसेल. हे वीस वर्षांपूर्वीचं झालं. २०१९ मध्ये अमेरिकन हवाई दलाने एफ-१६ लढाऊ विमानावर कुबरनेटीस चालवून दाखवलं, म्हणजे मोठ्या वेबसाइट्स चालवणाऱ्या कंपन्या जे ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरतात तेच. भारताच्या संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटू या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमवर बेतलेली माया नावाची सिस्टीम आणल्याच्या बातम्या होत्या. सगळेच वापरतात.

मग लायसन्समध्येच बंदी का घालत नाहीत?

पहिला प्रश्न सगळ्यांच्या मनात हाच येतो, आणि तशी बंदी घालून बघितलेली आहे, बऱ्याच जणांनी.

लायसन्स म्हणजे कोडसोबत येणारी अट-पत्रिका. रिचर्ड स्टॉलमनच्या फ्री सॉफ्टवेअर चळवळीत जी चार स्वातंत्र्यं सांगितली आहेत त्यातलं अगदी पहिलं, ज्याला ते शून्य क्रमांक देतात (प्रोग्रॅमर लोक शून्यापासून मोजतात, त्याला इलाज नाही), ते म्हणजे प्रोग्राम कुठल्याही कामासाठी चालवायची मोकळीक. ओपन सोर्सच्या अधिकृत व्याख्येत पाचवं आणि सहावं कलम हेच सांगतं: कुठल्याही व्यक्तीशी किंवा गटाशी भेदभाव करायचा नाही, आणि कुठल्याही कामाच्या क्षेत्राशीही नाही. म्हणजे 'लष्कर सोडून सगळ्यांना' असं लिहिलंत की तुमचं सॉफ्टवेअर त्या व्याख्येतून बाहेर गेलं, आणि डेबियनसारखे ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे मोठे संग्रह ते मुख्य विभागात ठेवणार नाहीत.

डग्लस क्रॉकफर्ड या जेसनवाल्या (जेसन म्हणजे प्रोग्राम्सनी एकमेकांना माहिती पाठवायची एक पद्धत) माणसाने आपल्या लायसन्समध्ये एकच ओळ टाकली होती, की हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरायचं, वाईटासाठी नाही. वाचायला किती गोड. पण वकिलांना घाम फुटला, कारण चांगलं म्हणजे काय आणि वाईट म्हणजे काय हे कोर्टात कोण ठरवणार? त्याने स्वतःच नंतर एका भाषणात सांगितलं की आयबीएमच्या वकिलांनी विचारणा केल्यावर त्याने त्यांना वाईटासाठी वापरायची खास परवानगी देऊन टाकली. २००६ मध्ये जीपीयू नावाच्या एका छोट्या प्रोजेक्टने स्टॉलमनच्याच जीपीएल लायसन्सला 'माणसाला इजा करायची नाही' अशी पुरवणी जोडली, पण जीपीएलला अशी जादा अट जोडताच येत नाही. २०१९ मध्ये हिपोक्रॅटिक लायसन्स आलं, मानवी हक्कांचा भंग करणाऱ्यांना मनाई करणारं. काही लोक वापरतात, पण ते ओपन सोर्सच्या व्याख्येत बसत नाही आणि मोठ्या प्रोजेक्ट्सनी ते उचललं नाही.

कायद्याची बाजू राहू दे, साधा व्यवहार बघा. बंदी घातली तर ती पाळणार कोण? ज्या सैन्याला तुमचा कोड गुपचूप वापरायचाय ते तुम्हाला पत्र पाठवून विचारणार नाही आणि तुम्ही कुठल्या सैन्यावर दावा लावू शकणार नाही. त्रास होणार तो कायदा पाळणाऱ्यांना, म्हणजे हॉस्पिटल चालवणारी संस्था, जिचा एक विभाग लष्करी दवाखान्यासाठी काम करतो, ती बिचारी तुमच्या अटी वाचत बसणार. २०२४ मध्ये मेटाच्या लामा या एआय मॉडेलचं हेच झालं, अटींमध्ये लष्करी वापराला मनाई होती आणि तरी चिनी सैन्याशी संबंधित संशोधकांनी ते वापरल्याची बातमी आली. त्यावर मेटाने काय केलं? त्याच नोव्हेंबरमध्ये अमेरिकन सुरक्षा संस्थांसाठी ती मनाई उठवली.

त्यामुळे वापराचा विषय माझ्यापुरता इथे संपतो. कोड बाहेर गेला की गेला.

वापर आणि सहभाग यात फरक काय?

समजा काही लोकांनी मिळून एक मोफत वाचनालय चालवलंय. पुस्तकं दान आलेली, काम करणारे सगळे बिनपगारी. तिथे सैनिक येऊन वाचत बसला तर त्याला कोणी उठवणार नाही, उठवूही नये. पण वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात स्टेजवर मिसाइल बनवणाऱ्या कंपनीचा बॅनर लागला, आणि पुढच्या वर्षी कुठली पुस्तकं घ्यायची ते ठरवणाऱ्या कमिटीवर त्या कंपनीचा माणूस आला, तर इतकी वर्षं तिथे धूळ झटकणारा माणूस म्हणणारच ना की थांबा, मी यासाठी येत नव्हतो. दाराशी बसून वाचणारा आणि कमिटीच्या खुर्चीत बसणारा, दोघं एकाच खात्यातले असतील, पण मामला एकच नाही.

ओपन सोर्समध्ये ही खुर्ची वेगवेगळ्या रूपात येते. कॉन्फरन्सचा स्पॉन्सर, फाउंडेशनचा देणगीदार, बोर्डावरची जागा, पगारी मेंटेनर, एखाद्या खास फीचरसाठी दिलेलं कंत्राट. आक्षेप आहेत ते बहुतेक याच जागांवर.

पैसा आला की बरोबर काय येतं

ओपनबीएसडी ही सुरक्षेसाठी प्रसिद्ध असलेली ऑपरेटिंग सिस्टीम, थिओ डी राट हा तिचा प्रमुख. त्यांना डार्पा या अमेरिकन लष्करी संशोधन संस्थेकडून, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठामार्फत, साधारण २३ लाख डॉलरच्या प्रकल्पातून पैसे मिळत होते. २००३ चा वसंत म्हणजे इराक युद्ध नुकतंच सुरू झालेलं. एका कॅनेडियन वर्तमानपत्राशी बोलताना थिओ म्हणाला की पैसा कुठून येतो याने मला जरा अवघडल्यासारखं होतं, पण मी स्वतःची समजूत घालतो की या पैशांत अर्धं क्रूझ मिसाइल बनायचं राहिलं. एप्रिलमध्ये पैसे बंद. कॅलगरीला डेव्हलपर्सचा मेळावा काही आठवड्यांवर आलेला, लोक येणार, त्यांच्या राहण्याची सोय त्याच पैशांतून व्हायची होती. थिओचं म्हणणं की मी बोललो म्हणून कापले, डार्पाने कारण वेगळंच सांगितलं. खरं-खोटं काहीही असो, मेळावा शेवटी लोकांच्या देणग्यांवर पार पडला.

मला यातली जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती अशी की डार्पाने कोडमध्ये काहीही वाईट घालायला सांगितलं नव्हतं. काम चांगलंच होतं, त्यातून सगळ्यांच्याच सुरक्षेचा फायदा होत होता. तरीसुद्धा एका मुलाखतीनंतर पैसा बंद झाला आणि प्रोजेक्टची तारांबळ उडाली. पैसा देणाऱ्याने एक शब्द न बोलता पण घेणाऱ्याची जीभ जड होते, आणि पुढच्या वेळी तो बोलायच्या आधी विचार करतो. यात कट वगैरे काही नसतो हो, स्वभावच आहे माणसाचा.

दुसरं, पैसा कुठे जातो त्यावर काम कुठे वळतं हे ठरतं. स्वयंसेवकांच्या प्रोजेक्टमध्ये ज्या भागाला पगारी माणूस मिळतो तो भाग धावतो, बाकीचे भाग कोणाला वेळ मिळेल तसे रांगतात. अंध लोकांसाठीची सोय की विमानावर चालण्याइतकी भरवशाची मांडणी, दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत, पण पहिलीला कोणी संरक्षण-बजेटवाला स्पॉन्सर मिळत नाही.

२०१२ मधलं हॅकरस्पेसवाल्यांचं उदाहरण पण बघा. मेक मासिकाच्या लोकांना डार्पाने शाळांमध्ये मेकर उपक्रम न्यायला पैसे दिले, तेव्हा नॉइजब्रिज या हॅकरस्पेसच्या संस्थापकांपैकी मिच ऑल्टमन याने जाहीर केलं की हा पैसा असेपर्यंत मी तुमच्या मेळ्यांना मदत करणार नाही. त्याने भांडण उकरलं नाही, आयोजकांना नावं ठेवली नाहीत, आपला वेळ तेवढा काढून घेतला. त्यावर पुष्कळ लोक म्हणाले, अरे मुलांना सोल्डरिंग शिकायला मिळतंय, त्यात काय वाईट? प्रश्न रास्त होता. मिचचं उत्तर साधारण असं होतं की पैसा ज्या ध्येयासाठी येतो ते ध्येय हळूहळू शिकवण्यातही उतरतं. पटो न पटो, आपला वेळ कुठे घालायचा हे त्याचं त्याने ठरवायचं.

विश्वासाचा प्रश्न, म्हणजे एनएसए

एनएसए ही अमेरिकेची हेरगिरी आणि कोडब्रेकिंगवाली संस्था, आणि ती संरक्षण खात्याच्या अखत्यारीत येते. म्हणजे ती लष्करी आहे, हे बरेच जण विसरतात.

या संस्थेने ओपन सोर्सला दिलेलं योगदान मोठं आहे, ते आधी मान्य करू. एसईलिनक्स ही सुरक्षा-व्यवस्था त्यांनी २००० च्या शेवटी उघडी केली, ती लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीममध्ये गेली आणि आज जवळपास प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये ती चालू आहे, कदाचित तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्यातसुद्धा. वीस वर्षं हजारो डोळ्यांनी तो कोड वाचलाय, काही लपवलेलं सापडलं नाही.

पण त्याच संस्थेने ड्युअल ईसी नावाची, एन्क्रिप्शनसाठी लागणारे यादृच्छिक आकडे तयार करायची एक पद्धत प्रमाणित करून घेतली. २००६ मध्ये ती अमेरिकन स्टँडर्डमध्ये आली, २००७ मध्ये दोन संशोधकांनी दाखवलं की यात चोरदरवाजा ठेवायची सोय आहे, तरी ती राहिली, आणि २०१३ मध्ये एनएसएची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनची कागदपत्रं बाहेर आल्यावर कुठे ती वापरू नका असं सांगण्यात आलं. २०१४ मध्ये काढून टाकली.

आता २०१८ मध्ये जे झालं ते या पार्श्वभूमीवर वाचा. एनएसएनेच बनवलेलं स्पेक नावाचं एन्क्रिप्शन, स्वस्त अँड्रॉइड फोनसाठी हलकं पडतं म्हणून गुगलच्या लोकांनी लिनक्समध्ये आणलं, ४.१७ आवृत्तीत ते आलं. त्याच सुमारास आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेत स्पेक नाकारलं गेलं, कारण वेगवेगळ्या देशांचे तज्ज्ञ विचारत होते की ही रचना अशीच का केली, आणि एनएसएकडून समाधानकारक उत्तर मिळत नव्हतं. स्पेकमध्ये खोट आहे असं कोणीही सिद्ध केलेलं नाही, आजपर्यंत नाही. पण गुगलने ते सोडून अडिअँटम नावाचा दुसरा मार्ग काढला आणि स्पेक काही महिन्यांत लिनक्समधून बाहेर पडलं.

कोणी म्हणेल की हा अन्याय झाला, गणित बघा ना, माणूस कशाला बघता. तसं ऐकायला बरोबर वाटतं. पण खरी अडचण अशी आहे की स्वयंसेवकांकडे प्रत्येक ओळ मुळापासून तपासायला ना वेळ असतो ना माणसं, त्यामुळे हा सगळा डोलारा बऱ्यापैकी विश्वासावर चालतो, की समोरचा मुद्दाम फसवणार नाही. ज्या संस्थेचं एक काम रक्षण आणि दुसरं काम घुसखोरी, तिच्याबाबतीत हा विश्वास तुम्ही गृहीत धरूच शकत नाही. तिने पाठवलेलं सगळं जास्त तपासावं लागतं, आणि तो तपासायचा खर्च येतो पुन्हा बिनपगारी माणसांच्याच अंगावर.

निक्सचं प्रकरण: कोण निघून गेलं?

अलीकडचं सगळ्यात गाजलेलं भांडण हे. निक्स हे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचं आणि सिस्टीम जशीच्या तशी पुन्हा उभी करायचं साधन, २००३ पासून चालू. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीत डार्मस्टाटला त्यांची निक्सकॉन ही कॉन्फरन्स होती आणि स्पॉन्सरच्या यादीत अँडुरिल हे नाव दिसलं. अँडुरिल म्हणजे २०१७ मध्ये सुरू झालेली अमेरिकन शस्त्रकंपनी, सीमेवरचे पाळत-टॉवर आणि स्वयंचलित ड्रोन बनवणारी. ओरड झाली आणि आयोजकांनी स्पॉन्सरशिप रद्द केली.

इथे विषय मिटायला हवा होता. पण २०२४ च्या मार्चमध्ये उत्तर अमेरिकेतल्या निक्सकॉनला पुन्हा तेच नाव. आता लोक फक्त कंपनीवर चिडले नाहीत, मागच्या वेळी आम्ही इतकं बोललो त्याचं काय झालं यावर चिडले. एप्रिलमध्ये खुलं पत्र निघालं, त्यात स्पॉन्सरशिप होती, पण त्याहून जास्त जोर होता निर्णय कोण घेतं, बोर्डावरच्या लोकांचे हितसंबंध काय, मॉडरेटर्सच्या हातात खरंच काही आहे का, यावर. संस्थापक एल्को डोल्स्ट्रा फाउंडेशनच्या बोर्डावरून पायउतार झाले, काही जुने लोक सोडून गेले, काहींनी फोर्क काढले, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळी चूल मांडली. त्याच वर्षी पुढे निवडणूक घेऊन नवी समिती आणली.

आक्षेप न पटणाऱ्यांचं म्हणणं तेव्हा होतं की एका लोगोवरून एवढा तमाशा? लोगोच तर होता. मला वाटतं लोगो ही छोटी गोष्ट नाही, कारण कॉन्फरन्समध्ये लोगो हा सांगत असतो की हे लोक आपले आहेत. आणि त्या हॉलमध्ये असाही माणूस बसलेला असू शकतो ज्याच्या देशावर असेच ड्रोन घिरट्या घालतात, किंवा जो असाच टॉवर चुकवून आलाय. त्याला कोणी जा म्हणत नाही. तो गपचूप पुढच्या वेळी येत नाही, कोड पाठवायचा बंद करतो, बस. त्याच्या जाण्याची कुठे नोंदही होत नाही, त्यामुळे हिशोब मांडताना स्पॉन्सरचे पैसे दिसतात आणि गेलेला माणूस दिसत नाही.

"पण इंटरनेट लष्करानेच बनवलं ना?"

हो, १९६९ चं अर्पानेट संरक्षण खात्याच्याच पैशांवर उभं राहिलं. जीपीएस त्यांचंच. सरकारांपासून लपायला लोक वापरतात ते टॉर, त्याची मूळ कल्पना अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत आली. हा मुद्दा टाळून कोणी शुद्धतेचा आव आणत असेल तर त्याला हसायला हरकत नाही.

पण यातून काय सिद्ध होतं? एवढंच की लष्कराच्या पैशातून चांगल्या गोष्टी निघू शकतात. प्रत्येक स्वयंसेवकाने प्रत्येक वेळी त्यात हात घातलाच पाहिजे हे कुठे सिद्ध होतं? शिवाय ते लोक पगारी होते, कोणासाठी काम करतोय हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. इथे उलटं आहे, माणूस आधी एका गोष्टीसाठी आला आणि पाच वर्षांनी भागीदार बदलला.

नॉर्बर्ट वीनर हा गणितज्ञ. दुसऱ्या महायुद्धात त्याने स्वतः विमानविरोधी तोफांच्या नेमासाठी काम केलं. युद्ध संपल्यावर एका विमान कंपनीतल्या संशोधकाने त्याच्याकडे त्याच्या जुन्या कामाची प्रत मागितली, मिसाइलसाठी. वीनरने नकार दिला आणि ते पत्र १९४७ च्या जानेवारीत छापून आलं. काल केलं म्हणून आज नाही म्हणता येत नाही असं काही नसतं.

"तंत्रज्ञान न्यूट्रल असतं, हातोडीला काय कळतंय"

हातोडीला नाही कळत, पण हातोडी बनवणाऱ्याला कळतं ना. आक्षेप घेणारे कोडला दोष देतच नाहीयेत, ते स्वतःच्या श्रमाबद्दल बोलतायत. २०१८ मध्ये गुगलच्या तीन हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांनी प्रोजेक्ट मेवनविरुद्ध सही केली, ड्रोनच्या व्हिडिओतून वस्तू ओळखण्याचं काम होतं ते. गुगलचं एक स्पष्टीकरण असं होतं की यात तर टेन्सरफ्लो हे आमचं ओपन सोर्स एआय सॉफ्टवेअरच वापरलंय. म्हणजे कोड उघडा आहे हेच ढालीसारखं पुढे केलं. कर्मचाऱ्यांना अडचण टेन्सरफ्लोची नव्हतीच, ते बसवून, जुळवून द्यायला कंपनी माणसं देत होती त्याची होती. कंत्राट संपल्यावर गुगलने ते पुढे वाढवलं नाही, आणि शस्त्रांसाठी एआय करणार नाही असं लिहूनही दिलं. २०२५ च्या फेब्रुवारीत ते वाक्य काढलं. असो.

"आणि आमच्या देशाचं सैन्य असेल तर?"

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. ज्याच्या शहरावर रोज रात्री बॉम्ब पडतायत त्या युक्रेनियन डेव्हलपरला तुम्ही शांततेचं प्रवचन देऊन बघा. त्याच्यासाठी आर्डूपायलटचा तो वापर जगण्याचा भाग आहे, आणि त्याला चूक म्हणायची हिंमत माझ्यात नाही.

अडचण अशी की प्रोजेक्टला देश नसतो. एकाच कोडवर युक्रेनियन, रशियन, इराणी, इस्रायली, अमेरिकन, चिनी लोक काम करत असतात. त्यात 'आपलं सैन्य' कोणतं? प्रोजेक्टने एका सैन्याचा हात धरला की उरलेल्यांपैकी कोणीतरी शत्रूपक्षात जातं, त्याची इच्छा असो नसो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मेंटेनर्सच्या यादीतून काही रशियन लोकांची नावं निर्बंधांचं कारण देऊन काढली, त्यात लष्करी स्पॉन्सर वगैरे काही नव्हतं, नुसता कायदा होता, तरी किती कटुता आली ते सगळ्यांनी बघितलं. आपल्या देशासाठी काम करायचं असेल तर माणसाने जरूर करावं, त्यासाठी नोकऱ्या आहेत, फोर्क काढायची सोय आहे. सगळ्यांच्या सामायिक व्यासपीठाला त्यात ओढू नये, एवढंच म्हणणं.

"मग शस्त्रकंपनीत नोकरी करणाऱ्याचा पॅच, म्हणजे त्याने पाठवलेला कोडमधला बदल, पण नाकारणार?"

नाही, आणि इथे आक्षेप घेणारे कधीकधी वाहवत जातात असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस आणि संस्था यात फरक केलाच पाहिजे. पोटासाठी कोण कुठे नोकरी करतो यावरून त्याला बाहेर काढायला लागलो तर कोणीच उरणार नाही. बगची दुरुस्ती आली, तपासली, बरोबर आहे, तर घ्या.

खुर्चीचं मात्र वेगळं. स्नोडेननंतर, २०१३ च्या डिसेंबरमध्ये, इंटरनेटसाठी क्रिप्टोग्राफीचा सल्ला देणाऱ्या संशोधन गटात मागणी झाली की सह-अध्यक्षांपैकी एक एनएसएचा कर्मचारी आहे, त्याला हटवा. मागणी फेटाळली गेली, युक्तिवाद असा की तिथे प्रत्येक जण व्यक्ती म्हणून येतो, मालकाचा प्रतिनिधी म्हणून नाही, अध्यक्षाच्या हातात फारसं काही नसतं आणि मालकावरून माणसाला काढायचा पायंडा वाईट. मला यातला पायंड्याचा मुद्दा पटतो, हातात फारसं काही नसतं हा अजिबात पटत नाही. कुठला विषय आज घ्यायचा आणि कुठला पुढे ढकलायचा हे ज्याच्या हातात आहे त्याच्या हातात बरंच काही असतं. साध्या सदस्याला राहू द्यावं, अध्यक्षपद मात्र दुसऱ्या कोणाला द्यावं, त्यात त्या माणसाचा अपमान नाही.

प्रोजेक्ट चालवणाऱ्यांनी करायचं काय मग

सगळ्यात आधी, नियम पैसा यायच्या आधी लिहा. निक्सचं निम्मं भांडण टळलं असतं जर 'आम्ही कोणाची स्पॉन्सरशिप घेतो आणि कोणाची नाही' हे पहिल्या ओरडीनंतर नीट ठरवून, मतदान घेऊन, छापून ठेवलं असतं. चेक समोर असताना तत्त्वावर चर्चा होत नाही, त्या चेकवरच होते. जर्मनीत काही विद्यापीठांनी हे फार आधी केलंय, ब्रेमेन विद्यापीठाने १९८६ मध्येच लष्करी संशोधनाला नकार देणारा ठराव केला, तिथे त्याला नागरी कलम म्हणतात. त्यावर आजही वाद होतात, पण निदान वाद कशावर आहे ते कागदावर आहे.

कोण किती पैसे देतं, बोर्डावर कोणाचा मालक कोण, हे उघड ठेवा. सुरक्षेशी संबंधित मोठा बदल लष्करी संस्थेकडून आला तर तो का असा केला हे लेखी मागा, स्पेकच्या वेळी आयएसओतल्या लोकांनी मागितलं तसं, आणि उत्तर आलं नाही तर थांबवा. नाही म्हणायचं ठरलं तर त्याची किंमतही मोजा, कारण स्पॉन्सर गेला की सर्व्हरचं बिल कोणीतरी भरावं लागतंच, आणि ते भरणाऱ्यांत मोठ्या आवाजात आक्षेप घेणाऱ्यांपैकीही काही जण असले तर बरं.

आणि हो, घ्यायचं ठरलं तरी चालेल. एखाद्या प्रोजेक्टने सगळ्यांना विचारून ठरवलं की आम्हाला डार्पाचा पैसा चालतो, तर तोही त्यांचा हक्क आहे, फक्त आत येणाऱ्या नव्या माणसाला ते पहिल्याच पानावर दिसलं पाहिजे, म्हणजे तो आपला रविवार तिथे घालायचा की नाही ते स्वतः ठरवेल.